तीन मैत्रिणींचा फ्लॅट: करार, पैसे आणि घरी बसून अभ्यास करणारी तिसरी

प्रश्न थोडक्यात असा. सांगलीची एक मुलगी विचारते आहे. तिघी मैत्रिणींनी इंजिनिअरिंगची चार वर्षं पुण्यात एकाच होस्टेलवर काढली. आता हिला बाणेरला नोकरी लागली आहे, हातात बत्तीस हजार येतात. बार्शीच्या मैत्रिणीला खराडीत पंचेचाळीस मिळतात. चिपळूणची एमपीएससी करते आहे, तिला घरून महिना बारा हजार येतात. कर्वेनगरला टू बीएचके बघितला आहे: भाडं सत्तावीस हजार, डिपॉझिट एक लाख. मालक म्हणतात करार एकीच्याच नावावर करा, रात्री दहाच्या आत घरात, मुलगे घरी आणायचे नाहीत. बार्शीच्या घरी स्थळं बघायला सुरुवात झाली आहे. करार कोणाच्या नावावर करावा, भाडं समान वाटावं की पगाराप्रमाणे, आणि "आम्ही इतक्या जवळच्या आहोत की आपसात काही लिहून घेणं विचित्र वाटतं, तरी घ्यावं का?"

मी वकील आहे आणि लिव्ह अँड लायसन्सचे, म्हणजे घर ठरावीक मुदतीसाठी राहायला देण्याचे, करार करणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. जून-जुलैत हसत येऊन सह्या करणाऱ्या मुलींपैकी काही जणी दिवाळीनंतर पुन्हा येतात, तेव्हा एकत्र येत नाहीत, वेगवेगळ्या येतात. त्यांच्याकडून जे ऐकलं त्यावर सांगते: भांडी कोणी घासायची, दूध कोणी आणायचं यावरून घर मोडत नाही. त्यावरून भांडणं होतात आणि मिटतात. घर मोडतं ते एक जण मध्येच निघते तेव्हा, किंवा एकीचा भार कोणी काही न बोलता दुसरीवर सरकत जातो तेव्हा. तुमच्या प्रश्नात या दोन्ही गोष्टी आत्ताच दिसताहेत. बार्शीची मध्येच निघण्याची शक्यता आहे आणि चिपळूणचीच्या पैशाचं गणित बसत नाही. म्हणून यावर जास्त लिहिते, बाकीचं उरकते.

आधी करार. एकीच्या नावावर अजिबात नको. मालकाला ते सोयीचं असतं, कारण एकच माणूस पकडायचा असतो. तुमच्यासाठी त्याचा अर्थ असा की जिचं नाव आहे तिच्या डोक्यावर पूर्ण सत्तावीस हजार, आणि उरलेल्या दोघी कागदोपत्री त्या घरात राहतच नाहीत. उद्या बँकेत, पासपोर्टला पत्त्याचा पुरावा लागला तर त्यांच्याकडे काही नाही. आणि मैत्रीत बिनसलं तर जिच्या नावावर करार ती "घर माझं आहे" म्हणू शकते. म्हणतेही. तिघींची नावं घाला. मात्र एक वाक्य नीट वाचा: बहुतेक मसुद्यांत भाड्याची जबाबदारी "संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे" असं लिहिलेलं असतं. म्हणजे दोघींनी दिलं नाही तर मालक तिसरीकडून सगळं मागू शकतो. हे वाक्य मालक काढणार नाहीत आणि त्यासाठी अडूनही बसू नका. पण ते आहे हे माहीत असू द्या, कारण त्याचा तोडगा तुमच्या आपसातल्या कागदात निघतो.

करार नोंदणीकृतच हवा. "अकरा महिन्यांचाच आहे, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करू" हे वाक्य पुण्यात अजून सर्रास ऐकू येतं. वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची नाही, हा नोंदणी कायद्यातला सर्वसाधारण नियम आहे. त्यावरून अकरा महिन्यांची पद्धत देशभर पडली. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय नोंदलेला करार नसेल तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. मालक कुरकुर करत असतील तर त्यांना हेच शेवटचं वाक्य ऐकवा. दंडापेक्षा ते जास्त लागू पडतं.

खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटच्या वार्षिक दहा टक्के व्याजाच्या रकमेवर पाव टक्का. तुमच्या फ्लॅटला अकरा महिन्यांचे २,९७,००० आणि व्याजाचे नऊ-दहा हजार धरले तर पावणेआठशेच्या आसपास होतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. वर एजंटची फी, ती आधी विचारून घ्या आणि निम्मी मालकांनी द्यावी असं म्हणा. म्हणायला काही लागत नाही.

आता लॉक-इन. मालक सहा महिने किंवा पूर्ण अकरा महिने लॉक-इन टाकतात, म्हणजे त्याआधी सोडलं तर उरलेल्या महिन्यांचं भाडं द्या. एकीच्या घरी स्थळं बघणं चालू असताना अकरा महिन्यांचं लॉक-इन घेऊ नका. तीन महिने मागा, सहावर तडजोड करा. आणि एक ओळ घालायला सांगा: "लॉक-इनच्या काळात तिघींपैकी एकीच्या जागी मालकाच्या संमतीने दुसरी रहिवासी आल्यास मुदतीआधी जागा सोडली असे समजले जाणार नाही." एवढ्या एका ओळीने पुढची बरीच धुसफूस टळते. नोंदलेल्या करारात नाव नुसतं खोडून दुसरं लिहिता येत नाही, त्यामुळे माणूस बदललं की बहुधा नवा करारच करावा लागतो. तो खर्च जाणारीने आणि येणारीने निम्मा-निम्मा करावा, राहणाऱ्या दोघींवर पडू नये.

आणि हो, आपसात लिहून घ्या. विचित्र वाटतं हे मला मान्य आहे. पण आज तिघींचे हितसंबंध एक आहेत म्हणूनच आज लिहिणं सोपं आहे. बार्शीचीचं लग्न ठरलं, सासरचे नाशिकचे निघाले, तारीख दोन महिन्यांवर आली, की मग तीच चर्चा "तुला माझ्या लग्नाचा आनंदच नाही" या वळणावर जाते. स्टॅम्प पेपर लागत नाही. एक पान, तिघींच्या सह्या, तिघींच्या फोनमध्ये फोटो. त्यात काय असावं, तर असं काहीसं:

"घर सोडायचं असेल तर पूर्ण दोन महिने आधी सांगू. दोन महिन्यांत आपल्या जागी कोणी आणण्याची जबाबदारी सोडणारीची. पण येणारी मुलगी राहणाऱ्या दोघींना पसंत हवी. दोघींनी सलग तीन मुलींना नकार दिला तर पुढचं भाडं त्यांनी सांभाळायचं. सोडणारीच्या डिपॉझिटचा वाटा नवी येणारी देईल, मालकांकडून मागायचा नाही. त्या दिवशी घरात जे मोडलं-बिघडलं असेल त्याचा तिसरा हिस्सा वजा. फ्रिज, वॉशिंग मशीन, गादी जिने विकत घेतली तिची. एकत्र काहीही विकत घ्यायचं नाही."

शेवटचं वाक्य नीट वाचा. तिघी मिळून सोफा घेतात, आणि मग वर्षाने त्या जुन्या सोफ्याची आजची किंमत काय यावर वकिलाकडे येतात. घेऊ नका. एकीने फ्रिज, एकीने मशीन, एकीने मिक्सर-शेगडी असं वाटून घ्या, म्हणजे जाताना आपापलं उचलता येतं. महागड्या वस्तू भाड्यानेही मिळतात.

तीन नकारांचं कलमही मी मुद्दाम घालते. नाहीतर जाणारी बिचारी दर रविवारी मुली दाखवायला आणते आणि राहणाऱ्या दोघींना एक शाकाहारी आहे म्हणून नको, एक फार बोलते म्हणून नको. रिकाम्या खोलीचं भाडं मात्र जाणारीने भरायचं. दोन्ही बाजूंना थोडी कळ लागली तरच माणूस लवकर ठरवतं.

भाडं कसं वाटायचं? पगाराप्रमाणे नको, समानही नको. खोलीप्रमाणे वाटा. पगारावर वाटलं की दर इन्क्रिमेंटला प्रश्न येतो, आणि जास्त देणारीला नकळत जास्त हक्क वाटायला लागतो. टीव्हीचा रिमोट कोणाच्या हातात यावरूनसुद्धा ते दिसतं. खोलीची किंमत ठरवली की भाव खोलीचा होतो, माणसाचा नाही. अटॅच्ड बाथरूमवाली खोली जी एकटी घेईल तिने ११,०००, दुसऱ्या खोलीत राहणाऱ्या दोघींनी ८,००० प्रत्येकी. झाले सत्तावीस. अर्थात ती खोली बार्शीची घेईल, तिला परवडते. डिपॉझिटही याच प्रमाणात भरलंत तर जाणारीचा वाटा काढणं सोपं. भाडं मात्र प्रत्येकीने आपल्या खात्यातून थेट मालकांना पाठवा, एकीने गोळा करून नको. जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सूट घ्यायची झाली तर स्वतःच्या खात्यातून भाडं गेल्याचा पुरावा उपयोगी पडतो, आणि वर्षाचं भाडं लाखावर गेलं तर कंपनी मालकाचा पॅन मागते. नव्या प्रणालीत ही सूट नाही, आणि तुमच्या पगारांना तशीही तिची गरज पडणार नाही. तरी थेट पाठवण्याचा खरा फायदा वेगळा आहे: कोणाचं थकलं हे मालकाच्या फोनवरच दिसतं, मैत्रिणीने मैत्रिणीला आठवण करायची वेळ येत नाही.

आता चिपळूणची. बारा हजारांतून आठ भाड्याचे गेले. किराणा, गॅस, वीज, वाय-फाय, पोळ्यांच्या काकू, कचरा हे सगळं काटकसरीने धरलं तरी प्रत्येकी चार हजार. हातात शून्य. अभ्यासिकेची फी, टेस्ट सिरीज, बसचा पास, महिन्याच्या चार गोष्टी, कशालाच काही नाही. तू हे गणित तुझ्या प्रश्नात मांडलं नाहीस, पण तुला ते दिसलं असणार, म्हणूनच "पगाराप्रमाणे वाटावं का" हे विचारलंस. हेतू चांगला आहे. पण मग ते मदत म्हणून उघड करा, भाड्याच्या वाटणीत लपवू नका. दोघी मिळून महिना दोन हजार देणार असाल तर किती, कोणत्या महिन्यापर्यंत आणि परत घ्यायचे की नाही हे तिच्यासमोर बोला. "पूर्वपरीक्षेपर्यंत महिना दोन हजार, परत नकोत" असं स्पष्ट सांगितलेलं मनाला कमी बोचतं; "असू दे गं, नंतर बघू" हे जास्त बोचतं. "नंतर बघू" म्हणणारी विसरते, घेणारी विसरत नाही.

आणि तिच्याशी बोलून असंही ठरू शकतं की हा फ्लॅट तिच्यासाठी नाही. पेठांमध्ये कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरतं भाडं देऊन राहून, जवळच्या अभ्यासिकेत बसून, मेसचा डबा खाऊन हजारो मुलं-मुली हीच परीक्षा देतात. तिथली सोबतही तिला उपयोगाची आहे. मैत्रीसाठी तिघींनी एकाच छताखाली राहिलंच पाहिजे असं नाही. तशी वेळ आली तर तुम्ही दोघी वन बीएचके बघा.

समजा ती तुमच्याबरोबरच राहिली. मग दुसरी गोष्ट सुरू होते, आणि ही पैशापेक्षा हळू होते म्हणून कळत नाही. तुम्ही दोघी सकाळी साडेआठला बाहेर पडणार. ती "घरीच" असणार. गॅसचा सिलिंडर येईल तेव्हा ती घरी. प्लंबर येईल तेव्हा ती घरी. काकूंना दार उघडायला ती. कुरिअर घ्यायला ती. पाणी दुपारी येत असेल तर टाकी भरायला ती. संध्याकाळी तुम्ही दमून आल्यावर चहा कोण टाकणार? तीच, कारण ती "दिवसभर घरीच तर होती". तीन महिन्यांत तिचा दिवस तुमच्या घराच्या कामांनी तुकडे-तुकडे झालेला असेल, आणि तिला तक्रारही करता येणार नाही, कारण तुम्ही तिच्या भाड्याचे दोन हजार देताय. आपल्या आयांनी हेच आयुष्यभर केलं आणि ते चुकीचं होतं हे तुम्ही कॉलेजात निबंध लिहून सांगितलंय, तरी तुमच्या फ्लॅटमध्येही तेच होतं. नोकरी शोधणारी, घरून काम करणारी, अभ्यास करणारी, घरात जी असते तिच्यावर घर पडतं.

उपाय साधा आहे. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा ती ऑफिसात आहे असं धरा. शक्य असेल तर तिने खरंच अभ्यासिकेत जावं, तेवढे पैसे मदतीत धरा. सिलिंडर, प्लंबर, सोसायटीची कामं शनिवार-रविवारवर ढकला. काकूंना सकाळी सात ते आठची वेळ द्या, नाही जमली तर दुसऱ्या काकू बघा. आणि एखाद्या दिवशी तिने घरातलं काही केलंच तर ते तिने केलेलं काम आहे, मदतीची परतफेड नाही, हे तुम्ही दोघींनी लक्षात ठेवायचं.

शुक्रवारच्या संध्याकाळीही एक गंमत होते. दोघी बाहेरून मागवतात, तिसरी म्हणते "मला भूक नाही". एकदा-दोनदा म्हटलं तर ठीक. दर शुक्रवारी भूक नसेल तर समजून घ्या, आणि महिन्यातले दोन शुक्रवार घरीच खिचडी-कढी करा.

मालकांच्या अटी. रात्री दहाची अट लेखी असेल तर सही करण्याआधी काढून घ्या. सज्ञान व्यक्तीने सही केली की ती कराराची अट होते आणि मग तिच्याबद्दल हुज्जत घालायला जागा कमी राहते. बार्शीची खराडीहून येणार आहे. वनाज-रामवाडी मेट्रो असली तरी दोन्ही टोकांना बस नाहीतर रिक्षा आहे, एखाद्या दिवशी ऑफिसात काम लांबलं की दहाला घरी पोहोचणं जमणार नाही. (खरं तर या फ्लॅटमध्ये रोजचा सगळ्यात मोठा प्रवास तिलाच आहे. नळ स्टॉपच्या जवळपास थोडं लहान घर मिळालं तर बघा.) मालकांना सांगा, उशीर होणार असेल तर वॉचमनला कळवू. बहुतेकांना वेळेपेक्षा शेजाऱ्यांच्या तक्रारींची भीती असते. मुलग्यांच्या अटीबद्दल "रात्री मुक्कामाला पुरुष पाहुणे नाहीत, कुटुंबीय सोडून" इतकं मान्य करायला हरकत नाही, निदान मी तरी त्यावर घर सोडणार नाही. तुझा भाऊ सामान घेऊन आला तर त्याला खाली उभं करायची वेळ येऊ नये, एवढं बघा. सोसायटीचं म्हणाल तर आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे) घर लिव्ह अँड लायसन्सवर द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, सभासदाने कळवायचं असतं. "बॅचलर मुलींना देत नाही" असं सेक्रेटरी म्हणाले तर ते बोलणं मालकांनी करायचं आहे, तुम्ही नाही. राहणाऱ्यांची माहिती पोलिसांना देणं हेही मालकांचंच काम. ती दिल्याची पोच तुमच्याकडे ठेवा.

मालकांनी घरात येण्याआधी एक दिवस कळवावं ही ओळही घाला. आणि किल्ल्या मिळाल्या त्याच दिवशी, मालकांना सांगून, मुख्य दाराचं लॅच बदला. आधीच्या भाडेकरूंकडे, ब्रोकरकडे, इस्त्रीवाल्याकडे किती किल्ल्या आहेत हे मालकांनाही माहीत नसतं.

बाकीचं भरभर. सामान आत घेण्याआधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा, भिंतीवरची ओल, फुटकी टाइल, गीझर चालतो का, सगळं. आणि त्याच दिवशी मालकांना पाठवा. घर सोडताना रंगाचे म्हणून महिन्याचं भाडं कापतात, तेव्हा तो व्हिडिओ बोलतो. रंगाचे पैसे कापणार असतील तर आकडा करारातच लिहून घ्या. वीजमीटरच्या रीडिंगचा फोटो काढा, महावितरणची थकबाकी नाही हे शेवटच्या बिलावर बघा. पाहुण्यांचं ठरवा: बहीण, मैत्रीण सलग चार रात्रींपेक्षा जास्त राहणार असेल तर आधी विचारायचं. मावसबहीण पेपरला म्हणून येते आणि निकालापर्यंत राहते. घरखर्चाचे पैसे पगाराच्या आठवड्यात एकीच्या खात्यावर जमा करा, ती एक दर तीन महिन्यांनी बदला. प्रत्येकीच्या मेडिक्लेम कार्डाचा फोटो तिघींकडे असावा. चिपळूणचीला कंपनीचं कार्ड नाही. वडिलांच्या पॉलिसीत ती आहे का, आणि किती वयापर्यंत, हे आत्ताच विचारा, बऱ्याच पॉलिसी पंचविसाव्या वर्षी मुलांना बाहेर काढतात. पावसाळ्यात डेंग्यू झाला की हा प्रश्न रात्री अकराला येतो.

तिन्ही घरच्या लोकांना एकमेकांचे नंबर द्या, कराराची प्रत द्या, मालकांचा नंबर द्या. घरच्यांची काळजी बरीचशी या तीन कागदांनी कमी होते. त्यांचा वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप मात्र काढू नका. तुमचं भांडण तुमच्या आधी तिथे पोहोचतं, आणि बार्शीहून आलेलं मत चिपळूणला आवडत नाही.

नोंदणीच्या दिवशी तिघींची मूळ आधार कार्डं आणि पॅन लागतील. अंगठा बायोमेट्रिकवर लागतो, फोटो तिथेच काढतात. एजंट घरी येऊनही करतो. आधारचा मोबाइल नंबर चालू आहे का ते आधी तपासा. गावाकडे नंबर बदललेला असतो आणि सगळं तिथेच अडतं. मालकांकडून वीजबिल किंवा मालकी दाखवणारा इंडेक्स टू बघा, करारावर सही करणारा माणूस तोच आहे ना याची खात्री करा. भाऊ, जावई, "मीच बघतो सगळं" म्हणणारा कोणी असेल तर कुलमुखत्यारपत्र मागा. पैसे मालकाच्या खात्यावर पाठवा, रोख नको. टोकन म्हणून पाच हजारांपेक्षा जास्त देऊ नका, आणि मसुदा हातात आल्याशिवाय तेही नको.